चौदा नंबरची खोली

प्रिय ड्वेन,

ओहायोतली कायमची नोकरी सोडली. आता तीन-तीन महिन्यांच्या करारावर नर्स म्हणून गावोगावच्या इस्पितळांत जाते. सध्या मोंटानात आहे.

तू शेवटचा श्वास घेतलास ती चौदा नंबरची खोली ओहायोत मला पुन्हा कोणी दिलीच नाही. पेशंट वाटून देताना तिथली मुख्य नर्स डार्लीन माझं नाव मुद्दाम दुसरीकडे लिहायची. मी त्या दारावरून गेले की सगळ्यांचे आवाज खाली यायचे. माया होती रे, पण जीव गुदमरायचा.

इथली मुख्य नर्स पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाहेरून आलीस ना? मग चौदा नंबर तुझा. म्हातारा खवट आहे, आमच्यातलं कोणी जात नाही."

दारात माझे पाय अडले. आतून तो ओरडला, "आत तरी ये, नाहीतर दार तरी लाव! गारठलो मी."

गेले आत. उशी सारखी केली, तर म्हणाला, "बाई, हात आहेत की बर्फ?" तूही असाच करवादायचास. मला हसू आलं, मग रडूही. त्याने कारण विचारलं नाही. "लाल जेली आण," एवढंच म्हणाला.

उद्याही चौदा नंबर मीच मागून घेतलाय.

अजून तुझीच,
लोर्ना