टिटवीने कोणाकडे राहावे

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, सध्या धंदा बंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दोन्ही बाजूंनी आला होता, पण तो सारखाच असल्यामुळे त्याची फिट्टंफाट झाली. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते माझी धाकटी मुलगी हयात असताना केले होते.

धाकटी व तिचा नवरा गेल्या वर्षी एकाच अपघातात गेले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. त्यांची मुलगी सात वर्षांची आहे व माझ्याजवळ राहते. तिच्या आवाजावरून घरात सगळे तिला टिटवी म्हणतात. माझ्यामागे तिने कोणाकडे राहावे हा या कागदाचा मुख्य विषय आहे. बाकीचे आधी उरकून घेतो.

१. राहते घर व मागची कामाची खोली टिटवीच्या नावे करीत आहे. ती सज्ञान होईपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि निवडणुकीत कोणत्याही पक्षाला कचेरीसाठी वापरू देऊ नये. पुढची खोली दोन्ही पक्षांनी मागून झाली आहे.

२. बँकेतली शिल्लक तिच्या शिक्षणासाठी व इतर गोष्टींसाठी. इतर गोष्टी कोणत्या, ते मोठी झाल्यावर तिचे तिने ठरवावे.

३. रंधे, करवती, पटाश्या व सगळी हत्यारे सुनेला. हे वाचून माझ्या थोरल्या मुलाला राग येईल. पण तो रंधा उलटा धरतो आणि सून सरळ धरते, याला माझा इलाज नाही.

४. शेजारचे सचिव. गल्लीत त्यांना हेच नाव आहे. पक्ष बदलले, पण ते सचिवच राहिले. थोरला तान्हा होता तेव्हा ज्यांचे सरकार होते त्यांनी रेडिओवरच्या एका डॉक्टरांची पद्धत उचलून धरली होती. बाळाला घड्याळ बघून दूध द्यायचे आणि ते रडले तर उचलायचे नाही. आज रडून कडेवर बसलेला उद्या सरकारपुढे हात पसरतो, असे तेव्हा चौकाचौकात बोलले जाई. आमच्या घरात बाळाला उचलले जाते, अशी तक्रार सचिवांनी बालकल्याण केंद्रात केली. माझ्या दिवंगत बायकोला तेव्हा बोलावून चार बायांसमोर सरकारी पुस्तिका मोठ्याने वाचायला लावली. तिने सगळी वाचली आणि शेवटी विचारले, "यातल्या बाळाला दात येतात का हो?" केंद्रातल्या नर्सबाई हसल्या. त्यांची बदली झाली.

सचिवांकडे माझा लाकूड आवळायचा मोठा क्लॅम्प आहे. त्यांच्या फाटकाची चौकट त्याच्यावरच उभी आहे, तेव्हा तो परत मागू नये. माझा राग मी कोणाच्या वाट्याला ठेवत नाही. तो माझ्याबरोबर संपेल.

५. थोरला. त्याला माझी सायकल, माझा कोट आणि पुढील माहिती देत आहे.

तू पक्षाच्या सभेत बोललास तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. तू म्हणालास, "माझ्या आईने मला रडताना कधी उचललं नाही, म्हणून आज मी कोणापुढे रडत नाही!" टाळ्या पडल्या. शेजारच्या माणसाने मला कोपर मारून विचारले, "पोरगा तुमचाच ना?" मी मान हलवली.

तुला उचलत होती. रोज. त्या तक्रारीनंतर ती डॉक्टरांच्या कार्यक्रमाच्या वेळी रेडिओ मोठा करायची आणि मागच्या खोलीत तुला मांडीवर घेऊन बसायची. सचिवांना भिंतीपलीकडे फक्त डॉक्टर ऐकू येत. ते "उचलू नका" म्हणत असायचे आणि तू त्यांच्या आवाजावर झोपायचास. पुढे पुढे तर तुला त्या आवाजाशिवाय झोप येईना. डॉक्टर आजारी पडून कार्यक्रम बंद होता त्या आठवड्यात आमचे काय हाल झाले, ते मीच जाणतो.

धाकटीच्या वेळी सरकार बदलले होते. नव्यांच्या तज्ज्ञ बाई मानसशास्त्र शिकलेल्या. मूल वर्षभर खाली ठेवूच नका, असे त्यांचे म्हणणे; आईची मांडी हीच पहिली लोकशाही, असे फलकही लागले होते. तुझ्या आईचे हात भरून यायचे. मग ती धाकटीला फळांच्या पेटीत गोधडी घालून माझ्या कामाच्या टेबलाशी ठेवायची आणि झोपायची. धाकटी करवतीकडे टक लावून बघत पडायची. ती रडली असेल तर करवतीच्या आवाजात आम्हाला कळले नाही.

पुढे तुम्ही दोघे जेवताना भांडत होता. तू म्हणायचास, "तू मांडीवर वाढलीस, तुला कष्ट काय कळणार?" ती म्हणायची, "आणि तू घड्याळावर! तुला माया कशाशी खातात ठाऊक आहे का?" मी आणि तुझी आई एकमेकांकडे बघायचो आणि मीठ पुढे सरकवायचो. तू एका पक्षात गेलास, ती दुसऱ्या. कोणत्या पद्धतीने कोण कसा झाला, याचे मला आजही मनापासून कुतूहल आहे. तू हट्टी, तीही हट्टी. तू दूध प्यायचा नाहीस, तीही नाही. अजून निष्कर्ष निघालेला नाही.

६. पुढच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट. हे आधी थोरल्याचा डोलता पाळणा होते. डोलवल्याने मूल परावलंबी होते असे सांगण्यात आल्यावर खालच्या वाकड्या पट्ट्या काढून मी त्याला उभे गज बसवले. धाकटीच्या वेळी ते गज म्हणजे तुरुंग ठरले. ते काढले, पाय कापले आणि बुटका पलंग केला. टिटवीच्या वेळी तिच्या आईबापांना गादी जमिनीवरच हवी होती, म्हणून कपाट झाले. लाकूड चांगले आहे, नाहीतर इतकी भोके पाडून घेतली नसती. हेही टिटवीला. तिला हवे ते तिने करावे.

७. टिटवी. तिला सांभाळायला दोन घरे तयार आहेत: तिचे मामा-मामी, म्हणजे थोरला व सून; आणि तिची आत्या, जी औषधांच्या दुकानात काम करते व धाकटीच्याच पक्षात आहे. दोघांनीही मला आपापल्या तज्ज्ञांची पुस्तके आणून दिली. मी दोन्ही वाचली. दोन्ही पटली, ही अडचण झाली. म्हणून दोघांनाही मी काही दिवस इथे राहायला बोलावले. काय होते ते बघायचे होते.

आत्याच्या पुस्तकाप्रमाणे मुलाला दुःखात क्षणभरही एकटे सोडायचे नसते, त्याला बोलते करायचे असते.

"टिटवे, आत्ता तुला काय वाटतंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे कुठे? पोटात की छातीत?"

"आत्या, मला शू लागलीय."

दुसऱ्या दिवशी टिटवी कामाच्या खोलीत टेबलाखाली सापडली. मला म्हणाली, "आजोबा, आत्याला सांगू नका. मला थोडा वेळ काहीच वाटून घ्यायचं नाहीये." मात्र हेही लिहिले पाहिजे की आत्याचे हसणे तिच्या भावासारखे, म्हणजे टिटवीच्या बाबांसारखे आहे. टिटवी तिला मुद्दाम हसवते आणि हसू लागली की स्वतः गप्प होऊन ऐकते.

थोरल्याच्या पुस्तकाप्रमाणे रडणाऱ्या मुलाला खोलीत ठरलेली मिनिटे एकटे ठेवायचे असते, म्हणजे ते स्वतःला सावरायला शिकते.

माझा निर्णय असा: टिटवीचा सांभाळ मामा-मामींनी करावा. तिला घेऊन जाऊ नये. त्यांनी या घरात राहायला यावे. आत्याकडे घराची किल्ली असावी आणि तिने न सांगता केव्हाही यावे. येताना पक्षाचा बिल्ला दाराबाहेर काढावा, आणि घरातल्यांनीही. कोणत्याही सभेत, कोणत्याही बाजूने, टिटवीचे उदाहरण देऊ नये.

याचे कारण लिहून ठेवतो, नाहीतर मुलगा म्हणून झुकते माप दिले असे होईल.

थोरला इथे होता तेव्हा एके दिवशी शाळेतून आल्यावर टिटवी वह्यांना कव्हरे घालायला बसली. तिची आई ज्या रीतीने कोपरे दुमडायची तसे ते जमेनात. ती रडू लागली. थोरल्याने पुस्तकाप्रमाणे तिला खोलीत बसवले, दार लोटले आणि फोनवर वेळ लावून बाहेर उभा राहिला. मी कामाच्या खोलीच्या खिडकीतून बघत होतो. तो फोनकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. आवाज अजिबात नव्हता. त्याची बहीण गेली तेव्हापासून मी त्याला रडताना पाहिले नव्हते.

आतले रडणे थांबले. दार थोडे उघडले.

"मामा, किती मिनिटं राहिली?"

"आहेत अजून थोडी."

"तू पण रडतोयस का?"

त्याने फोन पाठीमागे धरला.

"मग आत येऊन मोज ना."

त्याने फोन स्टुलावर ठेवला आणि तो आत गेला. वेळ संपल्यावर फोन वाजू लागला. वाजतच राहिला. आतून कोणी आले नाही, म्हणून मी जाऊन बंद केला. आत काय झाले ते मला जाणून घ्यायचे होते, पण मी विचारले नाही.

हा मजकूर मी वाचून पाहिला असून माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले व नंतर माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. या कागदाने दोघांनाही काही मिळत नाही, चहाखेरीज.

सही: (सुतार, टिटवीचे आजोबा)

साक्षीदार: १. लाकडाच्या वखारीचे मालक. २. शाळेतल्या निवृत्त गणिताच्या बाई.

ठिकाण: राहते घर, कामाची खोली.

तारीख: सोमवार. उद्या मतदान आहे. निकाल लागण्याआधी लिहिले, याची नोंद घ्यावी.