खाली बघणारं फूल

२१ जानेवारी २००७
कळी आली! एकच, पण चांगली बोटभर लांब. माझ्या मावशीने, आक्काने, अंबाडी गावाहून या झाडाची काडी दिली होती. "नाव ठाऊक नाही बाई, पण विषारी असतं, हात लावलास की धू," एवढंच म्हणाली. मागच्या पावसात खोचली, आता माझ्या खांद्याला लागते. लग्न होऊन काल्हेरला आले तर चहूकडे गोडाऊनचे पत्रेच पत्रे. घरामागची ही दोन खाटांएवढी माती नसती तर पळून गेले असते. खरंच!

२४ जानेवारी
बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जेवताना जाहीर केलं — मागची जागा गोडाऊनवाल्याला ट्रक वळवायला द्यायची. जेसीबी येणार. मनोज भात कालवत राहिला. नवरा की ठोंब्या!
आणि आई! नवऱ्यासमोर ब्र न काढणारी माझी सासू म्हणाली, "त्या झाराला हात लावाचा न्हाय. धोतरा हाय तो. महादेवाचा."
बाबांचा घास हातातच. महादेवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. म्हणाले, "शिवरातीपरेन ठेव. मंग बघू."
बाबांना मोतीबिंदू आहे. डोळ्याला हात लावू देत नाहीत डॉक्टरला.

२९ जानेवारी
भिवंडीला सायबर कॅफेत जाऊन फोटो बघितले. धोतऱ्यासारखंच दिसणारं दुसरं एक झाड निघालं, ब्रुगमान्सिया! धोतऱ्याचं फूल वर बघतं, याचं खाली लोंबतं. धोतऱ्याचं फळ काटेरी, याचं नाही. आमची कळी अजून आडवी. वर हो गं बाई, वर हो!

३ फेब्रुवारी
आडवीच. सारखी बघायला जाते. दूध उतू गेलं.

५ फेब्रुवारी, सोमवार
आईंनी झाडाला पाणी घालून हात जोडले. कललेली फांदी काठीला बांधली, त्या गजरे ओवतात त्या सुताने. कापडाच्या लूमवरचं वाया गेलेलं हिरवं सूत असतं ते. गाठही त्यांचीच, एक फास मोकळा सोडलेली. म्हणाल्या, "एवरी तरी माती राहू दे गो. माझा सगला शेत त्या पत्र्यांखाली गेला."
मला रडूच आलं. कसं सांगू यांना, की हा धोतरा नाही? देवावर भरवसा टाकून बसल्यात!

९ फेब्रुवारी
उमललं. खाली मान घालून.
दिवेलागणीला अख्खी पडवी घमघमली. काय तो वास! आणि मला मेलीला धड आनंदही होईना. बाबांनी नाक वर केलं — "धोतऱ्याला एवरा वास?"
"देवाची करनी," आई म्हणाल्या.
"मंग शिवरातीला फल दाव. हाताला काटं लागलं तरच मानीन."
संपलं!

१४ फेब्रुवारी
मनोजला सगळं सांगितलं. "आईला कळू देऊ नको, तिला सहन होणार नाही," म्हणे. जेसीबी शनिवारी येतोय. माझा कशात जीव लागत नाही.

१६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
आई सकाळीच देवळात जाऊन आल्या, तशाच मागे गेल्या. थोड्या वेळाने बाबा आले, हात पुढे करून. मी डोळे गच्च मिटले. आईंनी त्यांचा हात धरून पानांत नेला.
"आयो!"
बाबांनी बोट झटकलं. मग दोन्ही हात जोडले. मनोजला म्हणाले, "जेसीबीवाल्याला नको म्हनून सांग."
फळ? आमच्या झाडाला? काटेरी?

त्याच दिवशी, संध्याकाळी
पानं बाजूला करून बघितलं. धोतऱ्याचंच फळ. देठाला हिरवं सूत, एक फास मोकळा सोडलेली गाठ.
मागून आई म्हणाल्या, "बघतं काय? हात धू."