चहा होईपर्यंत मी बाहेर आहे

अहो,

थोरला अंघोळीला गेलाय. बाहेर आला की चहा करणार आहे, एकट्याने. तो राहतो त्या विशेष मुलांच्या संस्थेतल्या ताईंनी चार महिने रोज तेच तेच दाखवून शिकवलंय त्याला. तो करत असताना त्या म्हणे शेजारी नुसत्या बसून राहतात, हात मांडीखाली दाबून. मला बत्तीस वर्षांत हे एकदाही जमलं नाही.

मागच्या रविवारी तो घरी आला तेव्हा मी त्याच्या हातातून चहाचं पातेलं काढून घेतलं. "तिकडे मला येतं," एवढंच म्हणाला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. आठवडाभर ते "तिकडे" डोक्यातून जात नाहीये.

म्हणून मी भाजीचं निमित्त करून निघतेय. घरात थांबले तर हात शिवशिवणारच.

तुम्ही स्वयंपाकघरात पेपर वाचत बसा. ओट्याजवळ त्याने चित्रं चिकटवलीत, आधी पाणी, मग साखर, तशी. ती काढू नका. अर्धा तास लागेल. साखर जास्त पडली तरी मुकाट्याने प्या. गॅस बंद केला की तो मोठ्याने "बंद" म्हणतो. तसं म्हणाला नाही, तरच तोंड उघडा. उतू गेला तर ओटा तोच पुसेल.

भाजी घरात भरपूर आहे. मी खाली बाकावर बसणार आहे. चहा झाला की तुम्ही फोन करू नका, त्याला खिडकीतून हाक मारू दे. इकडेही येतं, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

— मी