बाटलीवाले पाहुणे

आई,

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मी कसलं काम धरलं ते तुला ठाऊकच नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मला ते दोन वाक्यांत सांगता येत नाही. मानवी हक्कांसाठी देशभर काम करणारी एक संस्था आहे. तिचं मोठं ऑफिस दिल्लीला, आणि यवतमाळात एक खोली, एक खडखडणारा कूलर आणि मी. कुठे अन्याय झाला की दिल्लीहून पथक येतं, मी त्यांना गावात नेते, आम्ही लोकांचं म्हणणं लिहून घेतो आणि त्याचा अहवाल आयोगाकडे, कलेक्टरकडे, जो ऐकेल त्याच्याकडे आणि जो ऐकत नाही त्याच्याकडे तर दोनदा पाठवतो. शेजारच्या काकू अजून सगळ्यांना सांगतात, 'ती एनजीओत काहीतरी करते.' सांगेनात का. सकाळी उठून कामाला जावंसं वाटतं, एवढं सुख मला पुरतं.

आज तुला लिहायला बसले त्याचं कारण सकाळी आलेला एक फोन. पण तो समजायला तुला मागच्या हिवाळ्यात यावं लागेल, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, आपल्यासारख्याच बौद्ध वस्तीत. तिथल्या एका बाईचा मुलगा चौकातल्या पारावर बसला म्हणून त्याला मारलं होतं. बाईनं पोलिसांत तक्रार दिली आणि ती मागे घ्यायला तयार होईना. मग गावानं अख्खी वस्ती वाळीत टाकली. गिरणी बंद, दुकान बंद, शेतातली मजुरी बंद. बायका ज्वारीची गाठोडी घेऊन जीपनं दारव्ह्याला दळायला जात होत्या. बाकीचे घाबरून गप्प होते. ती बोलली तरच आमचा अहवाल उभा राहणार होता, आणि अहवाल उभा राहिला तरच त्या वस्तीकडे कुणी बघणार होतं.

आमच्या पथकाचा एक नियम होता, कुणाच्याही घरचं काही घ्यायचं नाही. नियम वाईट नव्हता. पूर्वी कुठेसं एक पथक पाटलाकडे जेवलं आणि अहवाल विकला गेला म्हणून बोभाटा झाला, तेव्हापासूनचा तो. त्यामुळे आम्ही तिच्या ओसरीवर बसलो ते आपापल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. बाई ताटलीत ग्लास घेऊन आली. आमच्या प्रमुख म्हणजे दिल्लीच्या एक निवृत्त वकीलबाई, स्वभावानं अगदी सुतासारख्या सरळ. त्या हात जोडून म्हणाल्या, "नहीं बहनजी, हमारा नियम है." आणि तहान लागलीच होती म्हणून स्वतःच्या बाटलीतून दोन घोट प्यायल्या.

बाई ताटली धरून तशीच उभी राहिली. "गावातले आमच्या हातचं घेत नाई, तुमी बी घेत नाई. मंग त्यायच्यात न् तुमच्यात फरक काय वो?" एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं कडी लावली.

मला तिथे तूच दिसलीस, आई. अंगणवाडीत मदतनीस होतीस, रोज हंडे भरायचीस, आणि काही घरची पोरं घरून पाणी आणायची. एक दिवस मोठे साहेब तपासणीला आले, तू ग्लास पुढे केलास आणि त्यांनी पिशवीतून बाटली काढली. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "पानी नाई तं बोलनं बी नाई, सायेब." साहेब तणतणत गेले. मी भीतीनं अर्धी झाले होते, तुझी नोकरी जाते की काय म्हणून. संध्याकाळी तू चुलीपुढे भाकरी थापता थापता हसत होतीस. "कायले भेतं वं? मानसानं पानी घेतलं का अर्धं बोलनं तेथीच होते." नोकरी गेली नाही, आणि तुझा तो खमकेपणाही गेला नाही.

मी वकील मॅडमना बाजूला घेतलं आणि त्या ग्लासाला नाही म्हणण्याचा अर्थ तिच्या लेखी काय होतो ते सांगितलं. तुझंही सांगितलं.  मग त्या बाटली जीपमध्ये ठेवून आल्या आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "बहनजी, पानी पिला दो." आतून आवाज आला, "आता काहून तहान लागली?" मी इमानदारीत त्याचं हिंदी केलं. मॅडमनी कान पकडले. "बोलो उनसे, गलती हो गई."

कडी निघाली. आम्ही ग्लास रिकामे करेपर्यंत बाई समोरून हलली नाही. मग बोलायला बसली ती गुरं घरी येईपर्यंत बोलली. तिचं ऐकून शेजारच्या बायाही एकेक करून ओसरीवर आल्या. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की माझं अक्षर वेडंवाकडं येत होतं.

अहवाल गेला, सुनावण्या झाल्या, अधिकाऱ्यांना वस्तीत यावं लागलं. आमचा नियमही बदलला, पाणी घ्यायचं, त्यापलीकडे काही नाही. आणि आज सकाळी बाईचा फोन. "मी गावातच दळून आली वो बाई! गिरनीवाला खाली मान घालून दळून राह्यला होता." मी ऑफिसात एकटीच मोठ्यानं हसले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर एक सांगूनच टाकते. त्या दिवशी निघताना तिनं विचारलं, "तुमची माय हाय न?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे." तिनं ज्वारीचे धापोडे, तू उन्हात वाळत घालायचीस तसले पापड, फडक्यात बांधून दिले. "मायले द्या. दात नसन तं भाजून, चुरून द्या." जीपमध्ये बसलेल्या मॅडम तेवढ्यात मुद्दाम पलीकडच्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. घरी येऊन मी ते भाजले, तेल-तिखट लावलं आणि एकटीनं सगळे खाल्ले. कुणीतरी तू आहेस असं धरून बोललं, त्याचं फार बरं वाटलं होतं.

आज फोन ठेवताना तिनं विचारलं, "मायले आवडले का?" मी म्हणाले, "हो, अजून मागत होती." उन्हाळ्यात नवे घातले की पाठवते म्हणाली. मी नको म्हणाले नाही.