मोतीबाईचं डाळिंब

प्रिय अमृत,

धुळ्याच्या बोर्डिंगातली तुझी पत्र्याची पेटी आठवते? मी कविता म्हणायचो आणि तू तिच्यावर बोटांनी ठेका धरायचास. आत दोन सदरे आणि एक चादर, म्हणून आवाज असा घुमायचा की पलीकडच्या खोलीतली मुलं उठून यायची. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, शाळेतल्या कवितांच्या निम्म्या ओळी हरवल्या; पण पिंप्राळ्याच्या या खोलीत दुपारी पडल्या पडल्या तो ठेका ऐकू येतो.

चर्चच्या दाराशी तुझ्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची, तिच्यावर चार ओळी मी लिहायच्या, असं पंचांनी ठरवलंय. नवं छत तुझ्याच पैशांतून होतंय, त्यामुळे पाटीत गैर काही नाही. आठ दिवस वही उघडून बसतो. यमकं जुळतात, हात पुढे जात नाही. थकलोय रे. कारण फोनवर सांगवलं नसतं.

कापणीच्या सणाला तू तीस वर्षांनी जळगावच्या चर्चमध्ये आलास. वेदीपुढच्या अर्पणांचा लिलाव दरवर्षी मीच पुकारतो, मास्तरकीचा आवाज अजून टिकून आहे म्हणून. भोपळे, कणसं, एखादी गावठी कोंबडी, कुणी विणलेला रुमाल. तू प्रत्येक वस्तूला हजारांत बोली लावलीस. खरं धन कुठं साठवायचं यावर पाळकसाहेबांनी सकाळीच उपदेश केला होता, आणि दुपारी आम्ही सगळे तुझ्या हाताकडे बघत होतो, तो वर कधी जातो म्हणून. मी तर उभ्या उभ्या तुझ्यावर दोन ओळी रचून म्हटल्या. लोक हसले, तू खूश झालास. मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

मग डाळिंब आलं. मागच्या बाकावरून मोतीबाई अकरा रुपये म्हणाली. तू गमतीनं म्हणालास, एकवीस हजार. ही बाई सातपुड्याच्या पायथ्याकडून इथं मजुरीला आलेली, शेंगा फोडायला जाते. मुलगा लोटन सहा वर्षं अंथरुणावर आहे. त्याच्यासाठी दरवर्षी ती वेदीवरचं एक फळ बोलीत घेते. तिनं बोली लावली की बाकीचे गप्प बसतात. हे कुणी ठरवलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही. तुला माहीत असणं शक्य नव्हतं. मला माहीत होतं. पदराची गाठ सोडून बसलेली ती मला दिसत होती, आणि तरी मी एक, दोन, तीन म्हणून टाकलं. डोळ्यांपुढं छत होतं, आणि टाळ्या. दिपमालावहिनी तेवढ्यात तुझ्या शेजारून उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. उकडत असेल, असं मला वाटलं. डाळिंब तू टेबलावरच ठेवून गेलास.

दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी मोतीबाईच्या घरी गेलो. तिनं चहा केला, लोटनची उशी सारखी केली, फळाला हात लावला नाही. म्हणाली, "देवना घरनं फुकट नही लेतस, गुरुजी. मना पैसा कमी पडनात."

राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यानंतरचे दोन्ही रविवार तिची जागा रिकामी राहिली. देवाच्या घरचे भाव वाढले, आपल्याला आता परवडायचं नाही, असं तिनं धरून घेतलंय.

म्हणून हे पत्र. ओळी पाठवत नाही. तू श्रीमंत झालास याचं मला वाईट वाटत नाही. तुझ्यापेक्षा मीच त्या दिवशी जास्त हावरा झालो होतो. पण तिच्या दारात पुन्हा एकट्यानं जायचं बळ माझ्यात नाही. तू ये. गाडी चर्चपाशी ठेवू आणि चालत जाऊ. ती तुला भाऊ म्हणेल, चहा देईल. तो प्यायचा. खिशात हात घालायचा नाही. तिची बोली खरी होती, आमची खोटी, एवढं आपण दोघांनी तिला सांगायचं. तेवढं झालं नाही, तर त्या नव्या छताखाली मला बसवणार नाही.

थांब, दार वाजतंय.

दिपमालावहिनी आल्यात. एकट्याच, धुळ्याहून एस.टी.नं, उभ्यानं. तुला सांगून आलेल्या दिसत नाहीत. मी खुर्ची पुढं केली, तर बसत नाहीत, पाणीही नको म्हणतात. ती मागच्या बाकावरची बाई कुठं राहते, एवढंच विचारतायत.

तुझाच,
जीवराम