हार्ड डिस्कमधले आबा

कन्हेरी,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

गेल्या आठवड्यात मी तुला फोनवर सांगितलं, की आबांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधून माझे क्लासचे सराव आणि फुलांचे फोटो एवढंच निघालं. ते चूक आहे. आबांचा आवाजही निघालाय. दोन फाइल आहेत आणि दोन्हींत ते तुझ्याशी बोलतात. एकीत ‘येऊ नकोस’ म्हणतात, एकीत ‘ये’ म्हणतात. आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे मला कळत नव्हतं, म्हणून लपवलं. निदान तेव्हा मी स्वतःला हेच कारण दिलं.

आता नीट सांगते, मधलं काही गाळायचं नाही असं ठरवून. आईनं पोटमाळा झाडताना तो कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायला काढला होता. मी त्यातली डिस्क काढून घेतली. ती माझ्या लॅपटॉपला जोडायला आधी जी बाहेरची केस आणली ती छोट्या डिस्कची निघाली. मग बारामतीत स्टँडमागच्या दुकानातून मोठी आणली, वेगळ्या अॅडॅप्टरची. दुकानातला इंद्रजित म्हणाला, “मॅडम, डिस्क जोडल्यावर मशीन विचारंल, फॉरमॅट करू का? हजारदा विचारंल. काय बी विचारलं तरी न्हाय म्हणायचं, न्हायतर सगळं पुसून जाईल.” तसंच झालं. मी नाही म्हणत राहिले आणि शेवटी माऊस बाजूला ठेवून दिला. डिस्क पुन्हा त्याच्याकडेच नेली. त्यानं दिवसभर सॉफ्टवेअर लावून जे मिळेल ते काढलं, पण फाइलींची नावं गेली होती आणि तारखाही. नुसते आकडे. पहिली फाइल पूर्ण वाजत होती, दुसरीचा फक्त शेवट.

पहिलीत आबा म्हणतात, “छकुले, तू मला मेलीस. हितं पाय ठिवू नगंस.” पुढं आपल्या पत्र्यावर कोंबडी चालल्याचा आवाज येतो. दुसरीच्या तुकड्यात एवढंच होतं, “जयंतीला ये.” मी त्या दोन्ही किती वेळा ऐकल्या ते मोजलं नाही. राग आधीचा आणि माया नंतरची, असं धरलं की बरं वाटायचं. पण उलट असेल तर? माया आधी आणि मग मन मोडलं असेल तर? असल्या शंकेवर मी तुला अकरा वर्षांनी हलवायचं का? तू सासरी वरकुट्यात आता सावरलीस. जोतीरामदाजी चांगले आहेत, हे आता आईसुद्धा म्हणते. आबा गेले त्या दिवशी तू दारात न येता रस्त्यावर उभी राहिलीस आणि तिथूनच परत फिरलीस. का, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आबांच्या नावानं तुला गेलेल्या कागदात, दारात पाऊल टाकू नकोस, असं लिहिलेलं होतं.

तो कागद मी लिहिलेला. तू आबांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस त्या मार्चमधला. मी नववीत होते, आणि आबांना सहीपुरतंसुद्धा अक्षर येत नव्हतं, म्हणून घरातलं सगळं लिहिणं माझ्याकडे. अक्षर माझं, शब्द आबांचे, असंच आपण सगळे धरून चाललो. मला आठवतं, ते जोत्यावर बसून सांगत होते आणि मी पाटावर वही ठेवून लिहीत होते. ते अडखळत, मागं जात, शिव्या देत. मी म्हणत होते, “आबा, थोडक्यात सांगा.” मला पत्रलेखनात दहापैकी नऊ मार्क होते. मी त्यांचं बोलणं पुसून नीट वाक्यं केली. शेवटी अंगठ्याशेजारी त्यांचं नाव घातलं. मग त्यांनी आणखी काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी काय म्हणाले, ते मला खरंच आठवत नव्हतं. गेल्या गुरुवारपर्यंत.

गुरुवारी इंद्रजितनं दुसरी फाइल दुरुस्त करून पूर्ण दिली. जशी आहे तशी लिहिते: “छकुले, आबा बोलतोय. येतंय का ऐकू? तेजीनं कागद लिवलाय. लई कडक झालाय त्यो. आनिक चार शब्द घाल म्हनलं, तर म्हनती, सही झाल्यावर खाली काय लिवायचं नसतं, साळंत तसंच शिकिवलंय. आता तिला कळतं, मला काय कळतंय? म्हनून हितनं सांगतोय. रागात बोललो गं. जयंतीला ये. त्या जोतीरामला बी आन, तिखाट खातो का ईचार त्याला. बरं, ठिवू का?”

ताई, मी हे ऐकून दुकानातून उठले ते पैसे न देताच बाहेर आले, मग परत गेले. “ठिवू का” असं ते कुणाला विचारत होते? आबा ज्या कॉम्प्युटर क्लासवर वॉचमन होते तिथले सर परदेशातल्या मुलाशी कॉम्प्युटरवर बोलायचे. “हितनं बोललं की तिकडं ऐकू जातंय,” हे त्यांनी घरी येऊन किती नवलानं सांगितलं होतं. पुढं क्लास बंद पडला आणि तोच कॉम्प्युटर, माइकसकट, आपल्याकडं आला. त्यांना स्वतःचं गाणं ऐकता यावं म्हणून लाल बटण मीच दाखवलं होतं. ते बटण बोलणं फक्त साठवतं, कुणाला पोचवत नाही, हे मी सांगितलं होतं का? ते आठवत नाही. दर जयंतीला, चौदा एप्रिलला, ते दुपार टळेपर्यंत जेवायचे नाहीत. आई टोमणा मारायची, “कोन पाव्हनं येनार हायती, कलेक्टर?” ते म्हणायचे, “कोन न्हाय. भूक न्हाय.” त्यांना वाटत असेल का, की त्यांनी बोलावलं आणि तू आली नाहीस? तुला वाटत होतं त्यांनी हाकललं. मधे मी होते, आणि मला वाटत होतं मी नियमानं वागले. मी मुद्दाम केलं नाही असं म्हणावं, तर ते पुरेसं वाटत नाही. मुद्दाम केलं असं म्हणावं, तर तेही खरं नाही. तू मला वाढवलंस आणि सोडून गेलीस, म्हणून तुझा मला रागही होता. तो त्या नियमात मिसळला होता का, हे कुठल्याच सॉफ्टवेअरनं निघणार नाही.

हे फोनवर सांगितलं असतं तर मी माझ्या बाजूनं बोलले असते, म्हणून लिहिते आहे. आईला काल सगळं ऐकवलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “ज्याचं हाय त्याला दी.” आबांचा निरोप पोचवणं माझ्याकडं राहिलंय. लॅपटॉप आणि डिस्क घेऊन मी तुझ्या दारी येते. तू घरात घेतलंस तर आत, नाहीतर ओट्यावर बसून ऐकवीन आणि परत जाईन. नंतर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. सकाळच्या इंदापूर गाडीनं निघते आहे, रविवारी, १६ नोव्हेंबरला.

तुझीच,
तेजू