हल्ली मुक्काम समुद्र

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

मी, कौसल्याबाई बेवा किसनराव नरवाडे, वय वर्षे एकोणसत्तर, शिक्षण मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा घनश्याम हल्ली ज्याला त्याला "आईले आता काही समजत नाही" असे सांगत फिरतो. मला कोणी धमकावलेले नाही. घनश्यामने रडून पाहिले, ते मी धमकीत धरत नाही. वकीलसाहेबांनी टाइप करून देण्याचा जो भाव सांगितला, तो ऐकून स्वतःच लिहायला बसले आहे. अक्षराला हसू नये.

वारस दोनच. घनश्याम, दिग्रसलाच कृषी केंद्र चालवतो. आणि मुलगी निशिगंधा, अविवाहित, गोव्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला.

कलम १. शेत यजमानांनी हयातीतच घनश्यामच्या नावे केले. निशिगंधाने तेव्हा काही मागितले नाही. मागितले नाही म्हणजे नको आहे, असा अर्थ या घराने लावला. तो इथून पुढे लावू नये.

कलम २. घर. हे घर माझ्या नावाने खरेदी झालेले आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. यंदा दिवाळीनंतर निशिगंधा जहाजावर गेली आणि आठवडा झाला नाही तोच घनश्याम बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन आला. सगळे घर मी त्याला बक्षीस द्यायचे, खाली बहिणीची संमती. तिचे वर्णन असे केले होते: "निशिगंधा किसनराव नरवाडे, धंदा मासेमारी, हल्ली मुक्काम समुद्र."

मी विचारले, "हे काय लिहिलं रे?"

"मग काय लिहू? अर्धं वर्ष तं पाण्यावरच राह्यते ते."

"आन् मासेमारी?"

"झिंगे मोजते म्हणजे पकडतच असन ना! तिले घर कायले पायजे, आई? पाण्यावर राहणाऱ्या माणसाले..."

"पाण्यावर राहणाऱ्यालेच टेकाले जमीन लागते, बाप्पा."

स्वयंपाकघरातून सून दिपाली हसली. पाटल्या तिलाच द्यायच्या हे माझे आधीच ठरले होते, त्या हसण्याने पक्के झाले.

आता त्या धंद्याचे लिहिते, कारण सांगून सांगून माझा घसा बसला आहे. पार दक्षिणेला बर्फाच्या समुद्रात क्रिल नावाचा झिंग्यासारखा जीव असतो, बोटाच्या दोन पेरांएवढा. देवमासे, सील, पेंग्विन सगळे त्याच्यावर जगतात, आणि माणसांची जहाजेही तो पकडतात. किती पकडला म्हणजे बाकीचे उपाशी राहणार नाहीत, हे ठरवायला आधी तो आहे किती हे कळावे लागते. यजमान तलाठी होते. पैसेवारी काढताना कोणी अख्ख्या गावाचे पीक कापत नाही. नेमलेला तुकडा कापायचा, वजन करायचे आणि त्यावरून शिवाराचा अंदाज धरायचा. निशिगंधा फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्यांच्यामागे बांधावर असायची. तेच ती करते, फक्त शिवार पाण्याखाली आहे. जहाज पेरणीच्या तासांसारखे सरळ रेघांत चालवतात. यंत्र खाली पाण्यात आवाज सोडते, तो क्रिलच्या थव्यावर आपटून परत येतो. किती जोराने परत आला त्यावरून थवा केवढा ते समजते. थोडे जाळ्यात घेऊन लांबी पाहतात, कारण लहान आणि मोठ्या जिवावरून आवाज वेगवेगळा परततो. मग एकूण अंदाज काढून त्यातला लहानसाच हिस्सा पकडायची मुभा मिळते. जेवायच्या आधी आपण गोग्रास बाजूला काढतो, त्यातलाच हा प्रकार. घनश्याम याला मासेमारी म्हणतो. तो कृषी केंद्र चालवतो म्हणून मी त्याला कोणी नांगर म्हटलेले नाही.

तर घर. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निशिगंधा आली तेव्हा तिच्या मागच्या खोलीत बियाण्याच्या थैल्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. पोरगी देवघरापुढे सतरंजीवर निजली. म्हणाली, "राहू दे आई, जहाजात याच्याहून अडचण असते." त्या दिवशी मी जेवले नाही. शुक्रवार होता, उपवास होताच, पण फराळही केला नाही.

म्हणून पुढच्या दोन खोल्या, देवघर आणि रस्त्याकडचा ओटा घनश्यामला. मागची खोली, आंगण, नळ आणि गल्लीकडचे दार निशिगंधाला. तिने ती खोली वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवली तरी ती रिकामी आहे असे कोणी समजू नये. थैल्या तर नाहीच, झाडूही ठेवू नये.

कलम ३. पाटल्या दिपालीला. गळ्यातली एकदाणी निशिगंधाला, लग्न झाले तर वगैरे काही अट नाही. पितळी भांडी दोघींनी वाटून घ्यावीत. मोडीत घालू नयेत, मोडीवाला वजनात मारतो.

कलम ४. पोस्टातल्या पैशांतून माझे दिवस करावे, उरेल ते दोघांत निम्मे. पेंडॉल नको. बॅनर मुळीच नको. माझा फोटो चौकात लटकवून खाली दुकानाचा नंबर छापण्याचा बेत माझ्या कानावर आलेला आहे.

कलम ५. विमलताई आणि भजनी मंडळ. देवीच्या देवळात सगळ्यांदेखत मंडळाच्या विमलताईंनी मला विचारले, "काहो कौसल्याबाई, तुमची पोरगी माशाइले डीजे ऐकवते म्हणे?" ते मी हसण्यावारी नेले. पण माळकऱ्याच्या घरची पोर झिंगे हाताळते म्हणून तिने केलेला प्रसादाचा शिरा मंडळातल्या बायांनी पदराआड बाहेर नेऊन कुत्र्यापुढे टाकला, तो मी पाहिला. साजूक तुपाचा होता. कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या तेरवीला मंडळाला अगत्याने बोलवावे, आणि निशिगंधा गावात असेल तर गोड तिनेच करावे. ज्यांना चालत नसेल त्यांनी घरून जेवून यावे. माझे टाळ मंडळाला द्यावे, यात देवीचा काही दोष नाही.

कलम ६. या कागदाची अंमलबजावणी निवृत्त शिक्षिका इंदुताई यांनी करावी. त्या कोणाचे ऐकत नाहीत, हे पाहूनच नेमल्या आहेत.

कलम ७. मी जाईन तेव्हा निशिगंधा समुद्रात असली तर तिची वाट पाहत मला ठेवू नये. जहाज अर्ध्या रेघेतून वळवता येत नाही आणि तिने तशी विनवणीही करू नये. फोन लागेल तेव्हा आधी जेवली का विचारावे, मग सांगावे.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही की लोक हात जोडून काहीबाही कबूल करत सुटतात. यजमानांच्या दहाव्याला घनश्याम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बाबा, निशीले मी अंतर देणार नाही." कावळा लगेच शिवला. कावळा फसला. माझ्या पिंडापुढे त्याने एक शब्दही बोलू नये. कावळा आला तर आला, नाही आला तर दर्भाचा करून शिववावा, भात गाईला घालावा, आणि घरी येऊन अंघोळीच्या आधी मागच्या खोलीची किल्ली इंदुताईंच्या हातात द्यावी.

हे माझे पहिलेच मृत्युपत्र. वाचून पाहिले, बरोबर आहे, सही करते.

सही: कौसल्याबाई किसनराव नरवाडे

वरील सही बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. श्रावण पुंडलिक खंदारे, निवृत्त कोतवाल, दिग्रस
२. पंचफुला रामजी चव्हाण, शेजारीण, दिग्रस

स्थळ: दिग्रस
मंगळवार, दिनांक २१ जानेवारी २०२५